चार नंबरचा खण

०

गुरुवारी दुपारी पाऊण वाजता वाचनखोलीतला एक खण रिकामा दिसला आणि मावशींच्या हातातली पाण्याची बादली जिथल्या तिथं टेकली.

खोली होती कॉलेजच्या संगणक विभागाची. भिंतीला लागून लाकडी मांडणी, तिला एका ओळीत बारा खण आणि खणाखणात एकेका वर्षाचा गठ्ठा. गठ्ठ्यात प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या पेपरची त्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणि तिच्यामागे पोरापोरींनी हाताने लिहिलेली उत्तरं. पास होऊन जाणाऱ्याने आपलं एखादं बरं उत्तर गठ्ठ्यात लावून जायचं, अशी इथली रीत. नियम तीनच. मोबाइल दाराशी ट्रेमध्ये. गठ्ठा खोलीबाहेर जाणार नाही. हवं ते हाताने उतरवून घ्यायचं, कारण परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहायचा असतो आणि कागद काही चुकीखाली लाल रेघ ओढून दाखवत नाही. हा दंडक शिकवणाऱ्या मॅडमनी घातलेला. मॅडम सध्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या, पण दंडक जागेवर होता, कारण मावशी जागेवर होत्या.

परीक्षा सोमवारी. आठवडाभर त्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तेवढा अर्धा तास पोरं पांगायची. आज त्याच वेळी विभागप्रमुख जिन्यात भेटले आणि म्हणाले, "मावशी, पिंप रिकामं दिसतंय. पोरं तहानलेली असतात, भरून ठेवा." साहेबांनी सांगितलं म्हणून मावशी खालच्या नळावर गेल्या. पहिली बादली ओतायला पिंपाचं झाकण उचललं तर आत अर्ध्याच्या वर पाणी. सकाळीच तर भरलेलं. मोठी माणसं बघतात एकीकडे आणि बोलतात भलतंच, असं मनाशी म्हणत त्या दुसरी बादली घेऊन आत आल्या, आणि तेव्हा तो खण डोळ्यांत खुपला.

खोलीत एकच माणूस होता, आणि तो घोरत होता.

१

घोरणाऱ्याला सगळे आजोबा म्हणत. वय चोवीस. बरोबरीचे कधीच पास होऊन गेले, हा याच एका विषयात तीनदा गचकला आणि आता धाकट्या बहिणीच्या वर्गात येऊन बसला, म्हणून आजोबा. हा चौथा प्रयत्न. कॉलेजचा नियम असा की पाचवा मिळत नाही. बाकी सगळे विषय सुटलेले. हा सुटला तर पदवी, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

"आजोबा, ऊठ. गठ्ठा कुठंय?"

"शून्य ते नऊ," तो झोपेतच म्हणाला. मग डोळे उघडले. "काय झालं? कुठला गठ्ठा?"

तेवढ्यात पोरं परतली आणि खोलीचा बाजार झाला. कुणी टेबलाखाली वाकलं, कुणी कपाटामागे हात घातला. एक पोरगी रडायलाच लागली; तिचे अजून पाच पेपर उतरवायचे होते. मावशींनी सगळ्यांना भिंतीला उभं केलं आणि एकेक गठ्ठा सोडून बघायला घेतला. त्याला कारण होतं. मागच्याच आठवड्यात त्यांनी फाटकी आवरणं काढून सगळ्या गठ्ठ्यांना नवा तपकिरी कागद घातला होता, वरून सुतळीची गच्च गाठ. पण आवरणावर वर्ष घालायचं राहून गेलं होतं. मावशींनी पाटी हातात धरली ती पन्नाशीनंतर. अक्षर टपोरं यायचं, पण सावकाश. बारा गठ्ठ्यांवर लिहायचं तर एक सबंध निवांत दुपार हवी, आणि या आठवड्यात निवांतपणा कुठला? वरून बघावं तर बाराही गठ्ठे एका आईची लेकरं.

कुठल्या खणात काय, हे भिंतीवरच्या यादीवरून कळे. यादी केलेली आजोबाच्या बहिणीने. तिला सगळे बारकी म्हणत. चणीने बारकी, अभ्यासात वर्गात पहिली. डाव्या हाताला नंबर, उजव्या हाताला वर्ष. सगळ्यात वर शून्य, सगळ्यात खाली अकरा. यादी लावली त्या दिवशी मावशी तिच्याशी भांडल्या होत्या. "अगं, शून्य म्हणजे काही नाही. मग त्या खणात काही नाही असं समजायचं का?" बारकी हसून म्हणाली होती, "मावशी, आमच्या धंद्यात असंच असतं." वर्षभरात मावशींनाही ते अंगवळणी पडलं.

अकरा गठ्ठे बघून झाले. "तीन नंबरचा गेला," मावशी म्हणाल्या.

कुणीतरी फिस्सकन हसलं. "तीन? तो तर जुन्या भाषेतला. नऊ वर्षांपूर्वीचा. त्याला रद्दीवाल्यानेसुद्धा हात लावला नसता."

हसू दारात येऊन थांबलं, कारण दारात विभागप्रमुख उभे होते. उंच, इस्त्रीचे कपडे, चष्मा दोरीला. मूळचे भूगोलाचे, विभाग एकत्र झाले तेव्हा या खुर्चीवर आले. नकाशावर बोट ठेवून मोजायची सवय अजून सुटली नव्हती. त्यांनी आल्या आल्या पोरांवरून बोट फिरवलं, ओठांतल्या ओठांत "एक, दोन, तीन..." करत शेवटपर्यंत मोजलं आणि म्हणाले, "सतरा जण. म्हणजे सतरा साक्षीदार. सुट्टीत खोलीत कोण होतं?"

सगळ्यांच्या माना आजोबाकडे वळल्या. दाराशीच्या नोंदवहीत शेवटची सही त्याची होती, आणि बाहेर गेल्याची नोंद नव्हती.

"साहेब, मी झोपलो होतो."

"चोर सापडला की झोपेतच असतो. तुझं हॉल तिकीट माझ्याकडे राहील. उद्या पाच वाजेपर्यंत गठ्ठा परत आला तर बघू. नाही आला, तर सोमवारी तू घरी." मग ते मावशींकडे वळले. "आणि उरलेले गठ्ठेही उद्या पाचला माझ्या केबिनमध्ये जमा करा. इथं काही सुरक्षित नाही."

आजोबा उभ्या जागी पांढराफटक पडला. बारकीने त्याचा हात धरला. मावशी मात्र साहेबांच्या पाठीकडे बघत राहिल्या. खण रिकामा दिसल्याला अर्धा तासही झाला नव्हता, आणि निरोप कुणीच धाडला नव्हता.

२

मावशींनी दोघा भावंडांना जिन्याखालच्या आपल्या खोपट्यात नेलं. तिथं झाडू, फिनेलचा डबा, दोन स्टुलं आणि चहाची किटली. चहा ओतून त्या म्हणाल्या, "आता खरं सांग. मी साहेब नाही आणि पोलीसही नाही."

"मावशी, तुम्हीपण?"

"मी विचारते म्हणजे संशय घेते असं नाही. मला वाचायला उशिरा आलं, त्यामुळे मी ओळ सोडत नाही. तसंच हे. सुट्टी झाली, पोरं गेली, मी गेले. पुढं?"

"पुढं काय, डोकं टेबलावर टेकलं. तीन रात्री झोप नाही. डोळ्यांपुढं नुसते लूप फिरतायत, तीच मोजणी पुन्हा पुन्हा."

"काही ऐकलंस?"

आजोबा कसनुसा हसला. "स्वप्न पडलं. सांगायची लाज वाटते."

"सांग, आजोबा. नातवंडं ऐकतायत."

"परीक्षेत बसलोय आणि शेजारी कुणीतरी लूप चालवतंय, हळू आवाजात. एक, दोन, तीन, चार. मग सळसळ. मी त्याला म्हणतोय, अरे बाबा, शून्यापासून घे, मार्क जातील. तो ऐकेचना. बघा, स्वप्नातही माझ्या वाट्याला चुकीचाच लूप."

बारकीला हसू फुटलं, मग तिने ते गिळलं. मावशी हसल्या नाहीत.

"आणि तू गं? तुझा या खोलीत हात सगळ्यात जास्त. लोक म्हणतील, भावासाठी तिनेच लांबवला."

"लोकांना म्हणावं, बाराच्या बारा मला पाठ आहेत. पाठ असलेलं कशाला चोरू?" ती ताठ बसली. "आणि चोरायचाच तर तीन कशाला? मी भावाकडून रोज चार नंबर सोडवून घेतेय. नव्या अभ्यासक्रमाचा पहिला पेपर, सगळ्यात अवघड. त्या दिवशी साहेब आले होते, सोमवारी. पाठीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, हा फार जुना, यात वेळ घालवू नका."

"मग?"

"मग काय. साहेब गेल्यावर पुन्हा सोडवला."

"मला तर तो चार आता झोपेत येतो," आजोबा म्हणाला. "तीनचं मी तोंडसुद्धा बघितलेलं नाही. मावशी, आईला अजून सांगितलं नाहीये. तिने सोमवारी सुट्टी टाकलीय कामावर. म्हणते, मी कॉलेजच्या फाटकाशी उभी राहणार."

मावशींनी किटली खाली ठेवली. त्या पोराच्या आईला त्यांनी तीनदा निकालाच्या दिवशी फाटकाशी उभं पाहिलं होतं. चौथ्यांदा ती तिथं उभी राहील आणि पोरगा घरात कोंडलेला असेल, हे चित्र काही त्यांना गिळवेना.

"घरी जा आणि अभ्यास कर," त्या म्हणाल्या. "हॉल तिकीट माझ्यावर सोडा."

बोलून गेल्या खऱ्या. पण हातात काय होतं? एक रिकामा खण, एक घोरणारा पोरगा आणि कुणालाच नको असलेला गठ्ठा.

३

कुणालाच नको असलेला, की कुणाला तरी हवा असलेला? रस्त्यापलीकडे एक माणूस होता, ज्याचं पोट जुन्या पेपरांवर चालायचं. क्लासवाले सर. 'हमखास येणारे प्रश्न' असं पुस्तक काढून ते पोरांना वाटत. महिन्यापूर्वी त्यांनी मावशींकडे दोन दिवस गठ्ठे मागितले होते, आणि मावशींनी त्यांना दारातून परत पाठवलं होतं. माणूस डूख धरून असेल, असं पोरांचं म्हणणं.

शुक्रवारी सकाळी मावशी क्लासच्या जिन्याने वर चढल्या. वर्ग रिकामा होता. सर फळा पुसत होते.

"या मावशी. गठ्ठे द्यायला आलात की पकडायला?"

"बातमी पोचली म्हणायची."

"कालच. पोरं म्हणाली, सगळ्यांनी माझंच नाव घेतलं." सर मनापासून हसले. "काल सुट्टीच्या वेळी मी इथं चाळीस जणांना शिकवत होतो. त्यांना विचारा. शिवाय तीन नंबर? मावशी, मी सात वर्षं कंपनीत प्रोग्रॅम लिहिलेत. ती भाषा मी शिकलो तेव्हाच म्हातारी झाली होती. तो गठ्ठा मला कुणी घरपोच दिला तरी मी दार उघडणार नाही."

"मग कुणाला हवा असेल?"

"कुणालाच नाही. तिथंच तर गंमत आहे. बसा ना, चहा सांगतो. तिथं तीन नंबरच्या बाकावर पंखा लागतो."

मावशी बसायला वळल्या. बाकांवर खडूने आकडे घातले होते. पहिल्या बाकावर शून्य. दुसऱ्यावर एक. त्या बोटाने पुढे सरकत गेल्या आणि तीन आकड्याच्या बाकाशी थांबल्या. तो ओळीतला चौथा बाक होता.

मावशी बसल्याच नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी बाकांवरून एकदा सरळ नजर फिरवली, एकदा उलट. मग पदर खोचला.

"चहा पुढच्या वेळी, सर. तुम्ही चोर नाही."

"हे कशावरून ठरलं?"

"तुमच्या बाकांवरून."

आणि या वयाच्या बाईला शोभणार नाही अशा घाईने त्या जिना उतरल्या.

४

वाचनखोलीत पोरं माना खाली घालून लिहीत होती. मावशी मांडणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. रिकामा खण होता तिथंच होता. त्यांनी डावीकडून बोट ठेवलं आणि ओठांत मोजलं, अगदी घरी भाकऱ्या मोजाव्या तसं. एक, दोन, तीन, चार. बोट रिकाम्या खणात गेलं.

मग दुसऱ्यांदा मोजलं, या पोरांच्या पद्धतीने. शून्य, एक, दोन, तीन. बोट त्याच खणात.

खण एकच. पण मोजणारे दोन प्रकारचे.

तीन नंबरचा गठ्ठा कुणालाच नको होता, हे खरं. चोरालाही नको होता. चोराला हवा होता चार नंबरचा. त्याने यादीत वर्ष शोधलं, समोर चार दिसलं, खणांवर बोट ठेवून चारपर्यंत मोजलं आणि हाताला आला तो काखोटीला मारला. आवरणावर काही लिहिलेलं नाही, गाठ सुटायला वेळ लागणार, मावशी नळावरून येणार. उघडून बघायला सवड कुठली? उघडला तेव्हा आत भलताच.

आणि आजोबाला पडलेलं स्वप्न हे स्वप्न नव्हतंच.

या खोलीत रात्रंदिवस बसणारं कुठलंही पोर चार नंबर काढायला गेलं असतं तर त्याचा हात पाचव्या खणात गेला असता. आजोबाचा तर डोळे मिटूनही गेला असता. तीन परीक्षा दिलेला पोरगा. झोपेतून उठवला तर 'शून्य ते नऊ' म्हणतो. बारकीने यादीच केलेली. क्लासवाल्या सरांचे बाकसुद्धा शून्यापासून सुरू होतात. म्हणजे चोर असा माणूस, जो या विभागात वावरतो, वर्ष कोणतं हवं ते जाणतो, पण या लोकांसारखं मोजत नाही.

मावशींना पिंप आठवलं. अर्ध्याच्या वर भरलेलं.

चार नंबरात असं काय आहे, हे मात्र कळेना. त्यांनी तो गठ्ठा काढला, टेबलाशी बसल्या आणि प्रश्नपत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. शब्द सगळे वाचता आले, अर्थ एकाचाही लागला नाही. पण एक गोष्ट अर्थाशिवायही कळण्यासारखी होती. मॅडम रजेवर. मग सोमवारचा पेपर काढला कुणी?

चार वाजता मावशी प्राचार्यबाईंच्या दारात उभ्या होत्या. बाई कागदांवरून मान वर न करता म्हणाल्या, "मावशी, त्या मुलाची गय करा म्हणायला आला असाल तर माझ्या हातात काही नाही. प्रमुखांनी लेखी दिलंय."

"गय नको, बाई. पाच वाजता पाच मिनिटं या आमच्या खोलीत. फक्त उभ्या राहा आणि काही बोलू नका. आत्ता एवढंच ऐकून ठेवा, माझा संशय कुणावर आहे ते."

त्यांनी नाव सांगितलं. बाईंचं पेन थांबलं.

"पुरावा?"

"तो साहेब स्वतःच देतील."

"आणि नाही दिला तर?"

"तर सोमवारपासून पिंप भरायला दुसरी बाई बघा."

५

पाचाला पाच कमी असताना खोली गच्च भरली. कुणी बोलावलं नव्हतं तरी सगळे आले होते. आजोबा खिडकीशी, बारकी त्याच्या शेजारी, दारामागे क्लासवाले सर. त्यांना राहवलं नव्हतं. प्राचार्यबाई कोपऱ्यात हाताची घडी घालून. विभागप्रमुख आले ते पुठ्ठ्याचं खोकं घेऊनच.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" ते म्हणाले. "गठ्ठा काही आलेला दिसत नाही. मावशी, बाकीचे भरा यात."

"भरते की. पण एकदा चोरी झालीय साहेब, आता मोजून देणार." मावशींनी वही उघडली. "मी नोंद करते, तुम्ही काढा. माझा खांदा धरलाय. आधी तो आठ नंबरचा द्या."

साहेबांनी एकदा यादीकडे बघितलं, चष्मा लावला आणि मांडणीच्या डाव्या टोकाच्या खणावर बोट ठेवलं. ओठ हलू लागले. "एक... दोन... तीन... चार..."

खिडकीशी आजोबा ताडकन ताठ झाला. त्याने बहिणीचा दंड एवढा घट्ट धरला की ती कळवळली.

"...सात, आठ." साहेबांनी गठ्ठा ओढला आणि टेबलावर ठेवला.

मावशींनी सावकाश सुतळी सोडली. आज दुपारी त्यांनी प्रत्येक आवरणाच्या आत टपोऱ्या अक्षरात नुसता नंबर तेवढा घातला होता. त्यांनी आवरण उलगडून सगळ्यांना दिसेल असं धरलं. आत सात लिहिलं होतं.

"साहेब, हा सात आहे. मी आठ मागितला."

"मग तुमचीच मांडणी चुकलीय," साहेब वैतागून म्हणाले. "खणाचा नंबर वेगळा, आत भलतंच. कालही चारमध्ये तीनचाच निघा—"

वाक्य तिथंच राहिलं.

"काल चारमध्ये काय निघालं, साहेब?" प्राचार्यबाईंनी हळूच विचारलं. "काल तर हा खण रिकामा होता. त्यातला गठ्ठा उघडून बघितला असेल तर तो नेणाऱ्यानेच."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे, मी अंदाजाने... मुलं म्हणत होती..."

"पोरं म्हणत होती तीन नंबर गेला," मावशी म्हणाल्या. "चारचं नाव कुणी घेतलंच नाही. ते फक्त चोराच्या मनात होतं. आजोबा, काल झोपेत कुणाचा आवाज ऐकलास?"

"हाच, मावशी," आजोबा म्हणाला. "हाच लूप. एकापासूनचा."

मावशींनी मग सगळं ओळीने सांगितलं. पिंप, दोन प्रकारची मोजणी, पाचवा खण आणि चौथा खण. पोरांमध्ये कुजबुज उठली. एकेकाच्या डोक्यात उजेड पडत होता आणि तो चेहऱ्यावर दिसत होता. बारकीने कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच यादीने पकडलं की."

"एवढंच मला येत नाही," मावशी शेवटी म्हणाल्या, "की साहेबांना चार नंबर का हवा होता. मी तो सगळा वाचला. वाचता येतं, कळत नाही. पण बाई, सोमवारचा पेपर तुमच्या कपाटात सीलबंद आहे ना? तो काढा आणि या चार नंबरच्या शेजारी ठेवून बघा."

बाईंनी किल्ल्यांसाठी खिशात हात घातला.

"उघडू नका," विभागप्रमुख म्हणाले. आवाज एवढा खाली गेला होता की मागच्यांना ऐकूही आला नाही. "उघडू नका. बदला. तो चार नंबरचाच आहे. शब्दन् शब्द."

ते बाकावर बसले. उंच माणूस बसल्यावर एकदम लहान दिसला.

"मॅडम रजेवर गेल्या आणि पेपर माझ्यावर आला. बावीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. या विषयातला एक प्रश्न मला स्वतःहून काढता येत नाही, हे कुणाला सांगणार? ऑफिसच्या कपाटात एक जुना पेपर होता, तोच उतरवला. वाटलं, आठ वर्षांपूर्वीचा कोण बघतंय. आणि सोमवारी इथं आलो तर ही मुलगी तोच सोडवत बसलेली." त्यांनी बारकीकडे बघितलं. "त्या रात्रीपासून झोप नाही. वाटलं, गठ्ठाच नसला तर बाकीची तरी तो सोडवणार नाहीत. आणि तोही नेमका भलताच उचलला."

"आणि माझा दादा?" बारकी म्हणाली. "त्याला मुद्दाम अडकवलंत?"

"तो तिथं झोपलेला होता," साहेब म्हणाले. "मी फक्त... तो तिथं होता."

मग मावशी म्हणाल्या, "साहेब, मला एकावन्नाव्या वर्षापर्यंत बसची पाटी वाचता येत नव्हती. डोळे दुखतात म्हणून सांगायचे आणि शेजारच्याकडून वाचून घ्यायचे. वीस वर्षं तेच निमित्त. न येणं लपवायला जेवढा जीव लागतो ना, त्याच्या निम्म्यात येऊन जातं. ते तुमचं तुम्ही बघा. आधी पोराचं तिकीट द्या."

साहेबांनी कोटाच्या आतल्या खिशातून हॉल तिकीट काढलं. कालपासून ते तिथंच होतं. उठून खिडकीपर्यंत गेले आणि आजोबाच्या हातात देताना म्हणाले, "माझी चूक. सगळ्यांसमोर सांगतो."

आजोबाने तिकीट घेतलं, उलटसुलट करून बघितलं, स्वतःचा फोटोही बघितला, जणू तो बदलला असेल. मग खोलीत जो गलका झाला तो प्राचार्यबाईंनी थांबवला नाही. त्या फोनवर मॅडमशी बोलत होत्या. मॅडमनी नवा पेपर काढायचं कबूल केलं. म्हणाल्या, बाळ झोपलं की एक प्रश्न, या वेगाने रविवारपर्यंत होईल. तीन नंबरचा गठ्ठा साहेबांच्या केबिनमधून आला आणि आपल्या खणात बसला. साहेबांनी बाईंना लेखी कबुली दिली, आणि परीक्षेच्या कामातून त्यांचं नाव त्याच संध्याकाळी कमी झालं.

"म्हणजे आता चार नंबर येणार नाही?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"आलाच असता तर तुझं काय भलं होणार होतं?" बारकी म्हणाली. "तू सोडवला होतास का?"

६

सोमवारी फाटकाशी आजोबाची आई उभी होती, नवी साडी नेसून. मावशींना बघून तिने नुसती मान हलवली. तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि मावशींनीही सांगितलं नाही. ते सांगायचं तर पोराने सांगावं.

हॉलमध्ये खिडकीच्या रांगेत बाकांवर आकडे नव्हते. रंग नवा दिलेला, नंबर घालायचे राहिलेले. दाराशी कागद लावला होता: अमुक परीक्षार्थी, अमुक रांग, अमुक बाक. आजोबाच्या नावापुढे होतं, खिडकीची रांग, बाक चार. त्याने वाचलं, पेन खिशाला लावलं आणि रांगेने सरळ चालत जाऊन ऐटीत बसला. पाचव्या बाकावर.

दोन मिनिटांनी एक मुलगी येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "ही माझी जागा आहे. पाच."

"ही चार आहे," आजोबा म्हणाला. "मोज हवं तर."

पर्यवेक्षक त्यांच्याकडे वळणार, तोच दारातून मावशींचा आवाज आला. हातात घंटा होती, चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"अहो आजोबा. इथं एकापासून."

सगळा हॉल हसला. आजोबाने मागे बघितलं, पुढे बघितलं, ओठांत मोजलं आणि स्वतःच्याच कपाळावर टपली मारून एक बाक पुढे सरकला. पलीकडच्या रांगेतून बारकीने त्याला अंगठा दाखवला. मावशींनी घंटा दिली. पेपर वाटले गेले. मॅडमचे प्रश्न होते, बाळाच्या झोपेएवढे आखूड आणि सरळ.

पहिल्याच प्रश्नात लूप होता. मावशी बाहेरच्या खिडकीशी थांबल्या. काचेआड आजोबाचं पेन कागदावर टेकलं, मान खाली गेली, ओठ हलू लागले. आवाज येत नव्हता, पण मोजणी कुठून सुरू झाली ते मावशींना बाहेरूनही कळलं. मग त्यांनी बादली उचलली आणि पिंप भरायला गेल्या.